कच्चं गाणं

"बाहेर पाऊस आहे का?" कुबो-साननी विचारलं.

"नाही."

"मग केस?"

मी केसांना हात लावला. पाणी मानेवरून कॉलरमध्ये उतरत होतं आणि ते मला त्यांनी विचारेपर्यंत कळलंच नव्हतं. टोकियोत फेब्रुवारीच्या थंडीत ओल्या केसांनी घराबाहेर पडणं हे काही शहाण्या बाईचं लक्षण नव्हे. "उशीर झाला होता, तशीच निघाले," मी म्हटलं. कुबो-सान त्या स्टुडिओत आवाज टिपायचं काम करायचे. काचेपलीकडे बटनांच्या फळीसमोर बसायचे आणि गरज असेल तेवढंच बोलायचे. त्यांनी उठून चहाच्या कोपऱ्यातला टॉवेल आणून दिला आणि परत जाऊन बसले.

केस ओले होते, कारण मयताची बातमी कळली की डोक्यावरून अंघोळ करायची, एवढं एकच मला आठवलं होतं. त्या सकाळी सांगलीहून शेखरचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला होता.

"ताई, आई गेली."

"कधी?"

"काल दुपारी. जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. संध्याकाळी उरकलं सगळं."

"आणि मला आत्ता सांगतोयस?"

"तुझ्याकडे रात्र झाली होती. उगाच झोपमोड." मग तोच पुढे म्हणाला, "तू लगेच निघाली असतीस तरी दोन दिवस लागले असते ताई. तोवर कुठे ठेवणार होतो?"

"बरं," मी म्हटलं.

त्याच्यावर ओरडायला हवं होतं, पण तेवढा राग जमेना. फोन ठेवला, अंघोळ केली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्या दिवसाच्या चौकटीत "स्टुडिओ" लिहिलं होतं, म्हणून स्टुडिओत आले. घरी बसले असते तर काय करायचं ते सुचलं नसतं. लोक म्हणतात, पायाखालची जमीन सरकते, आभाळ कोसळतं. माझ्या बाबतीत काही सरकलं नाही की कोसळलं नाही. दात काढायच्या आधी सुई दिली की गाल कसा होतो, आपलाच असून हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तशी मी नखशिखान्त झाले होते.

माझं खरं काम भाषांतराचं. यंत्रांची माहितीपुस्तकं जपानीतून इंग्रजीत करायची आणि पोट भरायचं. पण लहानपणी मिरजेला गुरुजींकडे सात-आठ वर्षं गाणं शिकले होते आणि ते एकदा हागिवारा-सान नावाच्या संगीतकाराच्या कानावर गेलं. तेव्हापासून ते मला अधूनमधून बोलवायचे. नवं गाणं तयार झालं की ते जिच्यासाठी असेल त्या गायिकेला चाल कळावी म्हणून आधी कुणीतरी बिननावाचं माणूस ते गाऊन ठेवतं. तिकडे त्याला कारी-उता म्हणतात. आईला फोनवर सांगताना मी त्याचं 'कच्चं गाणं' करून टाकलं होतं. आई ब्लाऊज शिवायची, तिला लगेच कळलं.

"म्हणजे कच्चा टाका," ती म्हणाली होती. "पक्की शिवण झाली की ओढून काढायचा."

अगदी तसंच होतं. खरी गायिका गाऊन गेली की माझा आवाज पुसून टाकायचे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. हागिवारा-सान तर मला शाबासकीसुद्धा त्याच सुरात द्यायचे. "बुरिंदा-सान," ते म्हणायचे, कारण वृंदाचं तिकडे बुरिंदा होतं आणि ते सुधारायचा नाद मी केव्हाच सोडला होता, "तुमच्या आवाजात कुणी राहत नाही. रिकामं घर. गायिकेला सरळ आपलं सामान आणून लावता येतं."

त्या दिवशीचं गाणं कानाएसाठी होतं. कानाए म्हणजे पाच मुलींच्या एका गटातली, फोटोत नेहमी डावीकडून शेवटची. गटाची गाणी मधल्या दोघी गायच्या आणि ही कडेला उभी राहून नाचायची. तेराव्या वर्षी दूर उत्तरेतल्या आओमोरीहून आली होती आणि आता चोविशीची झाली होती. गट मोडला, मधल्या दोघींनी लग्नं केली, आणि कंपनीने काय मनात आणलं कोण जाणे, हिला एकटीचं गाणं दिलं. एकाच गाण्याची छोटी सीडी, सिंगल म्हणतात ती. नाचाचं गाणं.

"चाललं तर पुढे बघू," हागिवारा-सान वाद्यांची पातळी बघता बघता म्हणाले. "नाही चाललं तर बाईसाहेब आओमोरीला. वडिलांचं मासळीचं दुकान आहे."

"नाचते छान," कुबो-सान म्हणाले.

"नाचतात सगळ्याच."

गाण्याचं नाव 'नवे बूट'. एक मुलगी सकाळी उठते, केस बांधते, दाराशी बसून नव्या बुटांची नाडी बांधते, दार उघडते आणि घराला सांगते, "इत्तेकिमास." जपानात घराबाहेर पडताना लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येक जण हे म्हणतो. तो शब्द संपला की एकदम सगळे ड्रम सुटायचे आणि मग शेवटपर्यंत नुसता नाच. गाण्यात तो शब्द एकदाच होता. पूर्ण एक ओळभर लांबवलेला, बाकी गाण्यापेक्षा हळू.

मी कानाला हेडफोन लावले. काचेपलीकडे कुबो-साननी बोट वर केलं. पहिलं कडवं सरळ गेलं. ध्रुवपद गेलं. दुसरं कडवं गेलं. नाडीची गाठ झाली, दार उघडलं आणि मी तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

हुंदका वगैरे काही नव्हता, गळाही दाटला नव्हता. नुसताच आला नाही. नळ सोडावा आणि पाणी नसावं तसं. वाद्यं पुढे चालली होती, मी काचेत माझंच ओलं डोकं बघत उभी होते. ओळ संपली, ड्रम सुटले आणि पुढचे शब्द मी समेवर अचूक पकडले. गुरुजींनी शिकवलेलं तेवढं जागेवर होतं.

गाणं संपल्यावर कुबो-साननी विचारलं, "एकदा परत घ्यायचं?"

हागिवारा-सान कोट चढवत होते. त्यांना दुसरीकडे जायचं होतं. "राहू दे, कच्चंच तर आहे. शब्दांचा छापील कागद यायचाय अजून, तो मागाहून जाईलच तिला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आज फारच छान झालं. आज तर घरात खुर्चीसुद्धा नव्हती."

"थँक यू," मी म्हटलं आणि टॉवेल जागेवर ठेवून घरी गेले.

नंतरचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही, कारण ते गेल्याचं मला नीट कळलंच नाही. शेखरचा एकदा फोन आला.

"ताई, भटजी म्हणाले, तुझं लग्न झालेलं नाही म्हणजे तुला सुतक पूर्ण दहा दिवस. लग्न झालं असतं तर तीन दिवसांत सुटली असतीस."

"म्हणजे इथेसुद्धा लग्नाचं काढलंच तुम्ही."

तो हसला, मग रडला. मी फोन कानाला धरून त्याचं रडणं संपायची वाट बघितली. "तू रडलीस का गं?" त्याने विचारलं. "हो," मी म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर त्याला काळजी लागली असती. एका पंपाचं माहितीपुस्तक भाषांतराला आलं होतं ते मी वेळेआधी पूर्ण केलं. खाली कोपऱ्यावरच्या दुकानातून भाताचे तिकोनी गोळे आणायचे, उभ्याने खायचे आणि पुन्हा पंप. सुतक पाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं तेच कळत नव्हतं. देवच नव्हते खोलीत, तर पूजा काय बंद करणार? शिवायचं नाही म्हणावं तर त्या शहरात तसंही कुणी कुणाला शिवत नाही.

मार्चमध्ये कुबो-साननी फोन केला. "हागिवारा-साननी नाचाच्या हॉलवर बोलावलंय. तुम्हाला."

"मला? नाच?"

"तुम्हीच या," ते म्हणाले. त्यांच्या हिशोबाने हे भाषणच होतं.

हॉल तळघरात होता. एका भिंतीला आरसे, कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्यांचा ढीग. कानाएला मी पहिल्यांदा तिथे समोरासमोर पाहिलं. फोटोतल्यापेक्षा लहानखुरी, गुडघ्याला पट्टी बांधलेली. मला बघून ती इतकी वाकली की मला मागे वळून बघावंसं वाटलं, कुणी मोठं माणूस आलंय की काय.

"बुरिंदा-सानना दाखवा," हागिवारा-सान खुर्चीत बसून म्हणाले. त्यांचा चेहरा ताणलेला होता.

गाणं सुरू झालं. कानाए आणि मागे सहा मुली. मला नाचातलं फार कळत नाही, पण ती कडेची मुलगी नव्हती एवढं कळलं. बाकीच्या सहा जणी नाचत होत्या आणि ही निघाली होती. कुठेतरी जायला निघालेल्या माणसाचं एक अंग असतं ना, ते तिच्या खांद्यात होतं. दुसरं कडवं आलं. तिने वाकून नाडी बांधल्याचं केलं, उठली, हाताने दार ढकललं.

आणि सगळ्या थांबल्या.

सातही जणी जिथे होत्या तिथे. हात वर असलेलीचा हात वर. वाद्यं चालली होती, गाणं चाललं होतं, आणि त्यात मध्येच एक पूर्ण ओळ कुणी गात नव्हतं की हलत नव्हतं. कानाए उघड्या दारात उभी होती. मग ड्रम सुटले आणि सातही जणी अशा उसळल्या की माझ्या पायाखालची लाकडी जमीन हादरली.

"बघितलंत?" हागिवारा-सान म्हणाले. "या मुलींना लहानपणापासून आम्हीच शिकवलंय, कच्च्यात जे आहे तेच करायचं. श्वास जिथे, श्वास तिथे. आपलं डोकं चालवायचं नाही. हिने चालवलं नाही. तुम्ही गप्प, तर हीही गप्प. गप्प बसून वर नाच बसवला. शब्दांचा कागद पोचेपर्यंत सगळं झालं होतं."

"मग आता शब्द घाला," मी म्हटलं. "ओळ आहे की कागदावर."

"तेच मी म्हणतोय. ही नाही म्हणते." त्यांनी कानाएकडे बोट केलं. "अकरा वर्षांत ही मुलगी मला नाही म्हणाली नव्हती. ताप असताना नाचली, पाय मुरगळला असताना नाचली. आणि आता नाही म्हणते."

कानाए खाली बघत होती. "तिथे शब्द आला की मी नुसती बाहेर पडते," ती हळू आवाजात म्हणाली. "नसला की निघते."

"ऐका! आणि ते बूटवाले?" हागिवारा-सान माझ्याकडे वळले. "एका बुटांच्या कंपनीने हे गाणं जाहिरातीला घेतलंय. का घेतलंय? त्या एका शब्दासाठी. बूट घाला, इत्तेकिमास म्हणा, बाहेर पडा. तो शब्दच नसेल तर ते जातील, ते गेले तर कंपनी सीडी काढणार नाही आणि ही जाईल मासे विकायला. आता तुम्ही एकच सांगा. ती जागा चुकून राहिली की मुद्दाम ठेवली होती? मुद्दाम असेल तर मी संगीतकार म्हणून त्यांच्याशी भांडू शकतो. चुकून असेल तर आज संध्याकाळी शब्द घालून मोकळे होऊ."

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात वरून कुणीतरी हाक मारली. बुटांच्या कंपनीचाच फोन होता. हागिवारा-सान जिने चढता चढता म्हणाले, "येतो तोवर आठवून ठेवा."

आठवायचं काय होतं त्यात? खरं सांगितलं तर शब्द परत येणार होता, हे मला दिसत होतं. नुसता येणारच नव्हता. नव्या मुलीच्या पहिल्या गाण्यात, घराबाहेर पडायच्या नेमक्या शब्दावर मयताची सावली आहे, हे कळलं असतं तर त्यांनी ती जागा धुऊन काढली असती. पहिल्या गाण्याच्या बाबतीत तिकडची माणसं फार जपतात, देवळात जाऊन प्रार्थना करून येतात. आणि खोटं सांगायचं तर त्यासाठी काहीतरी वाटायला लागतं, इकडे किंवा तिकडे. मला काहीच वाटत नव्हतं. हो किंवा नाही, जे तोंडात येईल ते म्हणू आणि घरी जाऊ, असं मी ठरवलं होतं.

कानाए माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली. तिच्या हातात छोटा प्लेअर होता, कडा झिजलेला.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "तुम्ही त्या जागेत काय म्हणता?"

"काही नाही. मी गप्प आहे तिथे."

"नाही. आवाज पूर्ण वाढवला की ऐकू येतं. अगदी बारीक." तिने ओठ जुळवून एकेक अक्षर काढलं. "इए, ते, गा. हे कुठल्या भाषेत आहे?"

"चुकतंय काहीतरी तुमचं."

तिने वाद केला नाही. प्लेअरची चकती पुढे-मागे करून जागा शोधली आणि कानात घालायची दोन्ही बोंडकी माझ्या हातात दिली.

वाद्यं कानठळ्या बसतील इतकी मोठी होती. त्यांच्याखाली, माठाच्या तळाशी पाणी असावं तसा, एक आवाज होता. गाण्याचा नव्हता तो. मी टोकियोत ज्या आवाजात बोलते तोही नव्हता. सांगलीच्या आमच्या घराच्या जिन्यातला होता.

"येते गं."

मी ते म्हटलं होतं आणि मला ते म्हटल्याचं माहीत नव्हतं. तीनदा ऐकलं. तीनही वेळा तेच होतं.

"तुमच्या घरची भाषा?" कानाएने विचारलं.

"हो."

"काय अर्थ आहे?"

"इत्तेकिमास," मी म्हटलं. "तेच. जाऊन येते. आम्ही त्यातलं जाणं म्हणत नाही, नुसतं येते म्हणतो. निघताना जाते म्हटलेलं चालत नाही."

"आणि गा?"

"गा नाही, गं. ते बाईला म्हणतात. जवळच्या. आईला, बहिणीला, मैत्रिणीला."

मग मी सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण सांगितलं. तीन वर्षांपूर्वी सांगलीहून निघाले तेव्हा रिक्षा खाली उभी होती, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, बॅग जिन्यात अडकली होती. मी घाईत ओरडले, "चल आई, जाते!" आई वरच्या पायरीवरून म्हणाली, "जाते म्हणू नये. येते म्हण." आणि मी खालून म्हटलं, "आल्यावर म्हणेन!" ती हसली. "चावट कुठली," म्हणाली. रिक्षा निघाली. त्या तीन वर्षांत जायचं जमलं नाही, आणि ज्या सकाळी मी हे गायले त्याच्या आदल्या दुपारी ती गेली.

हे सगळं मी सरळ सुरात सांगितलं, पंपाची माहिती सांगावी तसं. कानाएच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्या नाही. मला तिचा थोडा रागही आला, की माझं आहे ते ही का करतेय.

"मी रोज त्या जागेत उभी राहते," ती नाक पुसत म्हणाली. "मला रोज वाटायचं, आत कुणीतरी आहे. मी त्याला सांगून निघतेय. म्हणून मला तिथे शब्द नको होता. मी तेराव्या वर्षी निघाले ना, तेव्हा आई दुकानात होती. गिऱ्हाईक होतं. मी कुणालाच काही म्हटलं नव्हतं."

जिन्यावर पावलं वाजली. तिने घाईघाईने डोळे पुसले. हागिवारा-सान येऊन समोर उभे राहिले, मागे कुबो-सान.

"हं. बूटवाले विचारतायत. चूक की मुद्दाम?"

कानाए माझ्याकडे बघत नव्हती. आरशात माझ्या पायांकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि या वेळी आवाज आला.

"मुद्दाम," मी म्हटलं.

"का?"

"घरात कुणी नसेल तर कुणाला सांगून निघणार?"

हागिवारा-साननी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. "एकटी राहणारी मुलगी," ते म्हणाले. "बरोबर. या शहरात किती मुली एकट्या राहतात! सकाळी निघताना कुणाला सांगणार? कुणालाच नाही. त्या गप्प निघतात. आणि बूट कोण घेतं? त्याच घेतात!" ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत गेले. वरून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू येत राहिला, एकटी, एकटी, एकटी.

बुटांच्या कंपनीला पटलं. नुसतं पटलं नाही, त्यांनी जाहिरातच त्या थांबण्यावर बेतली. माझ्या आईच्या जाण्यावर बूट खपणार होते. याचं मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी भूक लागली म्हणून नूडल्स खाल्ल्या आणि घरी गेले.

कानाएचं पक्कं गाणं झालं त्या दिवशी कुबो-साननी मला बोलावून घेतलं. हागिवारा-सान नव्हते. कानाएही गाऊन निघून गेली होती. कच्चं पुसायचं काम कुबो-सान एरवी एकटेच करायचे.

"पुसू का?" त्यांनी विचारलं. "ठेवायचं तर मी एक प्रत काढून देतो. कुणाला कळणार नाही."

"का ठेवायचं?"

"त्या दिवशी तुमचे केस ओले होते," ते म्हणाले. "पाऊस नव्हता. मी नंतर जागा साफ करताना ऐकलं. भाषा कळली नाही. पण काय आहे ते कळलं."

मला वाटलं होतं की कानाएशिवाय कुणाला ठाऊक नाही. हा माणूस महिनाभर ते घेऊन बसला होता आणि एक अक्षर बोलला नव्हता.

"पुसा," मी म्हटलं. "कच्चा टाका काढायचाच असतो. नाहीतर शिवण नीट बसत नाही."

त्यांनी पुसलं. पुसताना काहीच आवाज येत नाही, एक छोटा दिवा लागतो आणि विझतो.

सिंगल एप्रिलमध्ये आली. टीव्हीवर तिचा पहिला कार्यक्रम होता त्या संध्याकाळी मी घराजवळच्या नाण्यावर चालणाऱ्या धुलाईच्या दुकानात बसले होते. माझ्या खोलीत ना वॉशिंग मशीन होतं ना टीव्ही. तिथे भिंतीवर एक टीव्ही होता, समोर दोन कॉलेजच्या मुली कपडे वाळायची वाट बघत होत्या. कार्यक्रमवाल्याने कानाएचं नाव चुकीचं उच्चारलं. तिने वाकून नमस्कार केला आणि गाणं सुरू झालं.

"ही ती कडेची ना?" एक मुलगी म्हणाली.

"कोण कडेची?"

"अगं, ती डावीकडची."

दुसरं कडवं आलं. तिने नाडी बांधली, दार ढकललं आणि सगळ्या थांबल्या. दोघी मुलीही गप्प झाल्या. फक्त मागे मशीनमध्ये माझे कपडे फिरत होते. कॅमेरा हळूहळू कानाएच्या चेहऱ्याजवळ गेला. हलायचं नव्हतं तिला. तालमीत ती अजिबात हलत नव्हती. पण तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, नुसते ओठ, अगदी थोडे. गाण्यातला शब्द म्हटला असता तर तोंड वेगळं झालं असतं. हे आधी पसरलं, मग अर्धवट उघडलं आणि तसंच राहिलं. शेवटच्या अक्षराला तोंड किती कमी उघडायचं हे मी तिला शिकवलं नव्हतं. ते तिने ऐकून ऐकून उचललं होतं.

"काय म्हणाली ती?" मुलीने विचारलं.

"मोजत असेल," दुसरी म्हणाली.

गाणं बरं चाललं. फार नाही, पण कानाएला आओमोरीला जायला लागलं नाही. आणखी सहा-सात वर्षं ती गात होती, नाचत होती, आणि हे गाणं म्हणताना प्रत्येक वेळी त्या जागेत तिचे ओठ हलायचे. अजूनही तिचे जुने कार्यक्रम बघणारे लोक इंटरनेटवर त्यावर भांडत असतात. कुणी म्हणतं, प्रियकराचं नाव आहे. कुणी म्हणतं, देवाचं. तिने कुणाला सांगितलं नाही आणि मीही आजवर सांगितलं नव्हतं. ती भेटली की मला नमस्कार करायची, इतकंच. आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मशीन थांबलं, मी कपडे काढले, घड्या घातल्या, घरी आले, भात लावला, झोपले. शेखरला फोन करावासा वाटला, पण काय सांगणार? जपानची एक पोरगी टीव्हीवर आपल्या आईला येते म्हणाली?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाषांतराच्या कचेरीत जायला निघाले. तिकडच्या घरांना दाराशी एक पायरी खाली असते, तिथे बसून बूट घालतात. मी बसले, उजव्या पायात बूट घातला, नाडी बांधली. मग मागे वळून पाहिलं. अंथरूण घडी करून ठेवलेलं, खिडकीत कालचे कपडे, टेबलावर पंपाचं पुस्तक. कुणी नव्हतं.

"येते गं," मी मोठ्याने म्हटलं.

माझाच आवाज होता, त्या जिन्यातला. आणि मग जे फेब्रुवारीत यायला हवं होतं ते सगळं एकदम आलं. दुसरा बूट हातात घेऊन मी त्या पायरीवर बसून राहिले. किती वेळ, ते ठाऊक नाही. शेजारच्या बाईंनी एकदा दार वाजवलं आणि विचारलं, काही हवंय का, मी आतून नाही म्हटलं. त्या दिवशी कामाला फार उशीर झाला.